‘ॲलर्जी आहे’ एवढ्यावर थांबू नका

(नवी मुंबईत तरुणांच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत पुढचा विषय काय घ्यायचा असं विचारलं, तेव्हा मी ‘वाढतं वय आणि ॲलर्जी’ म्हणालो आणि दोघं-तिघं हसले. त्यांचं हसणं मला समजतं. इथे शिष्यवृत्ती, घरभाडं, कौटुंबिक कायदा, मतदार यादी यांवर बोलणं होतं. त्यात शिंका आणि खाज कुठून आली? शिवाय मी डॉक्टर नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दिवसभर स्क्रीनसमोर बसतो. त्यामुळे आज मी कुणाला उपचार सांगणार नाही. आमच्या घरात झालेली एक चूक सांगणार आहे, आणि ती कळल्यानंतर डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजलं ते सांगणार आहे. तुमच्यातले बहुतेक जण विशी-तिशीतले आहेत. पण घरातल्या मोठ्यांची औषधं मेडिकलमधून कोण आणतं? तुम्हीच आणता. म्हणून हे तुमच्यासाठी.

माझी अम्मी ६८ वर्षांची आहे. मूळची रायगडची, लग्नानंतर मुंबईत आणि आता माझ्याकडे नेरूळला. पावसाळा सुरू झाला की तिचं नाक चोंदायचं, सकाळी एकामागून एक दहा-बारा शिंका यायच्या, कोरडा खोकला तर बाराही महिने. ‘अम्मीला ॲलर्जी आहे’ हे आमच्या घरात ठरून गेलं होतं. मी ऑफिसमधून येताना कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्यांची एक पट्टी आणायचो. ती रात्री एक घ्यायची आणि म्हणायची, झोपसुद्धा छान लागते. असं चार वर्षं चाललं.

एका ऑगस्टमध्ये फजरच्या आधी वुजूसाठी उठली आणि पॅसेजमध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या आधी फिजिशियननी विचारलं, रात्री कोणकोणत्या गोळ्या घेतात? मी ब्लडप्रेशरची सांगितली, शुगरची सांगितली. सर्दीच्या गोळीचं नावही माझ्या तोंडी आलं नाही, कारण मी ती औषधात मोजतच नव्हतो. अम्मीच पलंगावरून म्हणाली, “आणि ती ॲलर्जीची.” डॉक्टरांनी पट्टी मागवून घेतली, मागचं बारीक अक्षर वाचलं आणि म्हणाले, पडण्याचं एकच कारण असं मी सांगू शकत नाही, पण या वयात ही गोळी रोज रात्री द्यायला नको होती.

पुढे आणखी एक गोष्ट निघाली. तिचा कोरडा खोकला ॲलर्जीचा नव्हताच. तो ब्लडप्रेशरच्या गोळीचा होता. डॉक्टरांनी ती गोळी बदलली आणि तीन आठवड्यांत खोकला गेला. नाकाचा त्रास मात्र खरोखर ॲलर्जीचा होता आणि त्याला वेगळा, कमी धोक्याचा उपाय होता. म्हणजे ‘ॲलर्जी’ या एका शब्दाखाली आम्ही वेगवेगळी दुखणी चार वर्षं एकत्र गुंडाळून ठेवली होती. आजचं माझं सांगणं एवढंच आहे: वय झालेल्या माणसाच्या बाबतीत ‘ॲलर्जी आहे’ हे उत्तर समजू नका. कशाची, कधीपासून, आणि खरंच ॲलर्जीच का, हे प्रश्न त्यानंतर सुरू होतात.

आधी ॲलर्जी म्हणजे काय ते पाहू.

हे दुखणं नवं नाही. दहाव्या शतकाच्या आसपास रय शहरातले हकीम अबू बक्र अल्-राझी यांनी एक छोटं टिपण लिहिलं. विषय होता, अबू झैद अल्-बल्खी या विद्वानाला वसंतात गुलाब फुलले की सर्दी का होते. ‘ॲलर्जी’ हा शब्द मात्र अलीकडचा. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो १९०६ साली बनवला. आणि रक्तातलं जे प्रथिन हा सगळा गोंधळ घडवतं, त्याला ‘आयजीई’ म्हणतात, ते १९६६-६७ च्या सुमारास सापडलं.

काम कसं चालतं? आपलं शरीर जंतूंशी लढतं. कधी कधी ते निरुपद्रवी वस्तूलाही शत्रू समजतं. पहिल्या भेटीत काही दिसत नाही. शरीर फक्त त्या वस्तूविरुद्ध आयजीई तयार करून ठेवतं. पुढच्या एखाद्या भेटीत हे आयजीई काही पेशींना इशारा देतं, त्या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं सोडतात, आणि मग शिंका येतात, डोळे खाजतात, अंगावर गांधी उठतात. आपल्याकडे त्याला ‘पित्त उठलं’ म्हणतात, पण पोटातल्या पित्ताशी त्याचा संबंध नाही. ‘माझी प्रतिकारशक्ती कमी आहे म्हणून ॲलर्जी आहे’ असंही लोक म्हणतात. ॲलर्जीत प्रतिकारशक्ती कमी पडत नाही. ती भलत्याच गोष्टीवर धावून जाते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ‘मी हे लहानपणापासून खातोय, मला कशी ॲलर्जी होईल?’ या वाक्याला काही अर्थ नाही. ॲलर्जी होण्यासाठी आधी ओळख व्हावी लागते. ती ओळख तिशीत बिघडू शकते, पन्नाशीतही.

हे मी स्वतःवरून सांगतो. आम्ही कोकणातले. जवळा, सोडे, कोळंबी यांच्याशिवाय आमच्या घरी आठवडा जात नाही. तेहतिसाव्या वर्षी एका लग्नात कोळंबीची बिर्याणी खाल्ली आणि वीस मिनिटांत अंगभर गांधी उठल्या. सगळे म्हणाले, तेल खराब असेल. मीही तेच म्हणालो. दोन महिन्यांनी घरी कोळंबी केली. या वेळी ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, छाती आवळल्यासारखी झाली. हॉस्पिटलमध्ये मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं तेव्हा श्वास मोकळा झाला. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी मोठेपणी सुरू होणं अगदी नेहमीचं आहे, हे मला तिथे कळलं.

त्यामागे एक गंमत आहे, आणि तिचा आपल्या घरांशी संबंध आहे. कोळंबीत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं. जवळपास तसंच प्रथिन झुरळात असतं आणि गादीतल्या धुळीत राहणाऱ्या माइट नावाच्या सूक्ष्म जीवातही असतं. त्यामुळे माइटची किंवा झुरळाची ॲलर्जी असलेल्या काही लोकांचं शरीर कोळंबीलाही तोच शत्रू समजतं. हे प्रथिन शिजवून नष्ट होत नाही. काहींना तर जवळा भाजतानाच्या वाफेनेही त्रास होतो.

आता वाढत्या वयाबरोबर काय बदलतं, ते तीन भागांत सांगतो.

पहिला भाग: नवीन ॲलर्जी सुरू होते. म्हातारपणाकडे जाताना आयजीईचं प्रमाण सर्वसाधारणपणे कमी होत जातं, म्हणून ‘वय झालं की ॲलर्जी जाते’ असा समज आहे. काहींची जातेही. पण वयाबरोबर शरीरात जाणाऱ्या आणि अंगाला लागणाऱ्या नव्या गोष्टी वाढतात: गोळ्या, मलम, केसांचा रंग. केसांच्या रंगाचं उदाहरण आपल्या घरातलं आहे. माझ्या मामूंची दाढी पांढरी झाली तशी ते ईदच्या आदल्या रात्री तिला ‘काळी मेहंदी’ लावू लागले. साध्या मेहंदीचा रंग लालसर-तपकिरी येतो. मेहंदी एकदम काळीभोर रंगत असेल तर तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं, पाकिटावर ‘हर्बल’ लिहिलेलं असलं तरी. दोन वर्षं ओळीने ईदच्या दुसऱ्या दिवशी मामूंचे गाल आणि पापण्या सुजल्या. दोष कुणाला दिला? शीरखुर्म्यातल्या पिस्त्याला! बिचाऱ्यांनी पिस्ता सोडला. त्वचारोगतज्ज्ञांनी तारखा विचारल्या तेव्हा उलगडा झाला. खाण्याची ॲलर्जी बहुतेक मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते. रंगाची एक ते तीन दिवसांनी दिसते, कारण ती आयजीईमुळे होत नाही, दुसऱ्या वाटेने होते. मुलींनो, ईदला किंवा लग्नात हातावर काळी मेहंदी काढून घेताना हेही लक्षात ठेवा. तिच्यातून एकदा पीपीडीची ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही, आणि पुढे केस रंगवायची वेळ येईल तेव्हा डोकं वर काढते.

दुसरा भाग: जुनी ॲलर्जी जाते, पण तिचा शिक्का राहतो. ‘अब्बांना पेनिसिलिन चालत नाही’ असं कित्येक घरांत सांगतात. विचारा, कधी काय झालं होतं? उत्तर येतं, लहानपणी अंगावर पुरळ उठलं होतं. ते पुरळ गोवराचं होतं की तापाचं, कुणाला माहीत नसतं. अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं आहे की पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं सांगणाऱ्या दहांपैकी सुमारे नऊ जणांना तपासणीत ती नसते, आणि ज्यांना खरोखर होती त्यांच्यातल्या सुमारे ८० टक्के लोकांची दहा वर्षांत निघून जाते. याचा तोटा काय? न्यूमोनिया झाला की साधं, स्वस्त, नेमकं औषध सोडून दुसरं महागडं किंवा जड औषध द्यावं लागतं. मात्र घरी गोळी देऊन ‘बघू या’ असा प्रयोग कधीही करू नका. ही तपासणी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होते.

तिसरा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: ॲलर्जीसारखं दिसतं, पण ॲलर्जी नसते.

कोरडा खोकला. रामिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांनी काही लोकांना सतत कोरडा खोकला होतो. याच गोळ्यांनी क्वचित ओठ आणि जीभ सुजते, तेही गोळी सुरू केल्यानंतर महिन्यांनी किंवा वर्षांनी. ती सूज ॲलर्जीच्या गोळीने उतरत नाही, ताबडतोब हॉस्पिटल गाठावं लागतं. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांकडून बदलून घ्यायची.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला. यात टीबीची तपासणी व्हायलाच हवी. ती सरकारी केंद्रात मोफत होते. ‘ॲलर्जी आहे’ म्हणत महिने घालवू नका.

धाप. झोपल्यावर वाढणारी धाप आणि पायांवर सूज हृदयाची असू शकते. वर्षानुवर्षं बिडी ओढलेल्या किंवा चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या माणसाची धाप फुप्फुसाच्या वेगळ्या आजाराची असू शकते. उलट खरा दमा साठीतही सुरू होतो आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात.

खाज. वयाबरोबर कातडी कोरडी पडते, तिला खाज सुटते. तिथे गोळीपेक्षा खोबरेल तेल, साधं मॉइश्चरायझर आणि कमी साबण उपयोगी पडतो. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांच्या आजारांतही अंग खाजतं. आणि रात्री खाज वाढत असेल, घरातल्या दोघा-तिघांना असेल, तर ती खरूज असण्याची शक्यता मोठी. खरूज लागली म्हणून कुणी अस्वच्छ ठरत नाही. लाजून लपवू नका, उपचार सोपा आहे.

वाहणारं नाक. तिखट रस्सा खाल्ला की म्हाताऱ्या माणसांचं नाक वाहतं. ही बहुतेकदा ॲलर्जी नसते, नाकातल्या नसांची ती प्रतिक्रिया असते.

आता आपल्या शहराकडे येतो.

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि खाडीकाठी, पारसिकच्या डोंगराखाली हे नवं शहर उभं राहिलं. मुंबईतल्या कोंदट चाळींतून आपली कितीतरी कुटुंबं इथे मोकळ्या हवेसाठी आली. पण खाडीचा दमटपणा इथेही आहे. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. माइटला पाणी प्यावं लागत नाही, तो हवेतूनच ओल शोषतो. आपल्या कातडीचा पडलेला कोंडा हे त्याचं अन्न. म्हणजे पावसाळ्यातली कापसाची गादी त्याला घर आणि जेवण दोन्ही पुरवते. घरातल्या धुळीचा त्रास मुख्यतः या जीवामुळे होतो हे नेदरलँड्सच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात दाखवून दिलं. त्यात भिंतीला ओल असेल तर बुरशीची भर पडते. आमच्या बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर दरवर्षी काळे डाग यायचे. आम्ही त्यावर रंग मारायचो, किंवा कपाट पुढे सरकवायचो. अम्मीचा पलंग त्याच भिंतीला होता.

शहराची दुसरी बाजू ठाणे-बेलापूर पट्ट्यातले आणि तळोज्याचे कारखाने, डोंगराच्या खाणी, चोहीकडे चाललेली बांधकामं, सायन-पनवेल रस्त्यावरचे ट्रक. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. हवेच्या गुणवत्तेत कमी पडणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादीत नवी मुंबईचं नाव आहे. इथे एक फरक नीट समजून घ्या. धूर आणि सिमेंटची धूळ यांची बहुधा ॲलर्जी होत नसते. त्या गोष्टी नाकाला आणि श्वासनलिकेला चोळल्यासारख्या करतात, आणि मग आधीची ॲलर्जी जास्त भडकते. अगरबत्ती, गुरुवारची लोबानची धुनी, डासांची कॉइल यांचंही तेच. ज्या घरात दमेकरी किंवा म्हातारं माणूस आहे, तिथे धुनी बंद खोलीत नको.

घरात काय करता येतं? आम्ही केलं ते सांगतो. अम्मीचा पलंग ओल्या भिंतीपासून हलवला. सोसायटीच्या मागे लागून बाहेरच्या बाजूने गळती बंद करून घेतली, कारण आतून रंग मारून बुरशी जात नाही. गादी आणि उशीला चेन असलेलं घट्ट विणीचं कव्हर घातलं. चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशाच्या गरम पाण्यात धुतो. ऊन असेल तेव्हा गादी-रजई उन्हात. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणं, आणि तेही अम्मीने नाही. झुरळांचा बंदोबस्त. यातली एकच गोष्ट केली तर फार फरक पडत नाही. सगळ्या मिळून पडतो.

आणि एक गोष्ट जरा धीर करून बोलतो. आपल्या मशिदींतले गालिचे. भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेले, पावसाळ्यात ओल्या पायांनी तुडवलेले, वर्षानुवर्षं न धुतलेले. सजद्यात आपलं नाक थेट त्यावर टेकतं. पहिल्या सफमध्ये बसतात ते बहुतेक वडीलधारे. आमच्या भागातल्या दोन-तीन चाचांना नमाजमध्येच शिंकांची उबळ येते. ते बिचारे ओशाळतात. आपण तरुणांनी जमातीच्या कमिटीकडे अदबीने तीन गोष्टी मागाव्यात: पावसाळ्यापुरते गालिचे गुंडाळून धुता येतील अशा चटया किंवा चादरी, एक चांगला व्हॅक्यूम क्लीनर, आणि दारात पाय पुसायची नीट सोय. यात मतभेद होण्यासारखं काही नाही. खर्च वर्गणीतून निघेल. कामाला हात आपण देऊ.

आता औषधं. पुन्हा सांगतो, निवड डॉक्टरांची. आपण काय विचारायचं तेवढं सांगतो.

बाजारातल्या बहुतेक सर्दीच्या मिश्र गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं. फेनिरामिन हे त्याचंच भावंड. ही जुन्या पिढीची औषधं मेंदूत उतरतात. त्यांनी झोप येते, तोल जातो, गोंधळल्यासारखं होतं, तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता वाढते, प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते. अमेरिकेतली वृद्धांच्या डॉक्टरांची संस्था ‘बीअर्स निकष’ नावाची यादी काढते. ६५ वर्षांवरच्यांना टाळायच्या औषधांत तिने ही औषधं घातली आहेत, आणि २०२३ च्या सुधारित यादीतही ती आहेत. याच मिश्र गोळ्यांत फेनिलेफ्रिनही असतं आणि ते रक्तदाब वाढवू शकतं. म्हणजे आम्ही सकाळी अम्मीला ब्लडप्रेशर उतरवायची गोळी देत होतो आणि रात्री चढवायची.

फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन ही नव्या पिढीची औषधं झोप फारच कमी आणतात. सेट्रिझिन काहींना झोप आणतं आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याचा डोस कमी करावा लागतो. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेतलं तर नीट शोषलं जात नाही, साध्या पाण्याबरोबर घ्यावं. रोजच्या नाकाच्या त्रासाला डॉक्टर बहुधा स्टिरॉइडचा नाकातला फवारा देतात. ‘स्टिरॉइड’ शब्दाला घाबरू नका, मात्रा अगदी थोडी आणि नाकापुरती असते. पण असर दिसायला काही दिवस लागतात, रोज मारावा लागतो. नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब वेगळे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले थेंब चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर थेंबांमुळेच नाक चोंदायला लागतं. मिठाच्या पाण्याने नाक धुणं सुरक्षित आहे, फक्त पाणी उकळून गार केलेलं असावं. पाच वेळा वुजूत नाकात पाणी घेणाऱ्या आपल्या मोठ्यांना ते शिकवणं सोपं जातं.

दम्याच्या पंपाबद्दलचा गैरसमज वेगळाच. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून लोक तो लपवतात आणि गोळ्या-सिरप घेतात. पंपातून औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून मात्रा कमी लागते. सवय लागत नाही. रोजाच्या महिन्यात हा प्रश्न ऐरणीवर येतो. दिवसातून दोनदा घ्यायचा पंप अनेकांना सहरी आणि इफ्तारच्या वेळी बसवता येतो. डॉक्टरांना रमजानच्या पंधरा दिवस आधी भेटा. पण दिवसा धाप लागली तर पंप घ्यायचा. त्याने रोजा तुटतो की नाही यावर उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. आजाऱ्याला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनमध्येच आहे, यावर मात्र दुमत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे तुम्ही प्रेमाने सांगायला हवं. ते स्वतःहून सवलत घेत नाहीत.

आणीबाणी कशी ओळखायची? गांधी किंवा सूज, आणि सोबत श्वासाला त्रास, आवाज बदलणं, चक्कर किंवा सतत उलट्या. अशा वेळी ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचं हॉस्पिटल गाठा. माणसाला आडवं ठेवा, पाय वर. श्वास लागत असेल तर बसवा, पण चालवू नका. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपचार. बरं वाटलं तरी काही तास तिथे थांबा, कारण त्रास उलटून येऊ शकतो. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोलसारखी गोळी चालू असेल तर ॲड्रेनलिनचा असर कमी पडू शकतो, म्हणून ते डॉक्टरांना आधी सांगा.

तपासण्यांबद्दल दोन वाक्यं. शंभर पदार्थांची ॲलर्जी एका रक्ततपासणीत सांगणारी पॅकेजं विकली जातात. तपासणीत पदार्थाचं नाव आलं म्हणजे तो खाल्ल्यावर त्रास होतोच असं नाही, आणि आयजीजी नावाची जी खाद्यतपासणी विकतात तिचा ॲलर्जीच्या निदानाला उपयोग नाही. असा कागद बघून म्हाताऱ्या आईचं दूध, अंडी, डाळ बंद केलीत तर तिला अशक्तपणा तेवढा येईल. आधी डॉक्टरांनी सगळा इतिहास ऐकायचा, मग नेमकी तपासणी.

तो इतिहास डॉक्टरांना द्यायचा कुणी? आपण. माझ्या कामात एखादी चूक सापडली की आम्ही आधी नोंदी बघतो, काय कधी घडलं ते. घरासाठी ती नोंद कोणीच ठेवत नाही. म्हणून आज रात्री घरी गेल्यावर एक कागद घ्या. अम्मी-अब्बा, दादा-दादी, जे असतील त्यांच्याजवळ बसा. सगळी औषधं समोर ओता. मेडिकलमधून विचारून आणलेली, शेजारच्या खालांनी दिलेली, हकीमसाहेबांची पुडी, डोळ्यांचे थेंब, मलम, केसांचा रंग, सगळं. पट्टीवरचं औषधाचं मूळ नाव लिहा, कंपनीचं नाव नव्हे. मग लिहा: कशाचा त्रास होतो, काय होतं, किती वेळाने होतं, शेवटचं कधी झालं. ‘पेनिसिलिन चालत नाही’ असेल तर कोणत्या वर्षी, काय झालं होतं, कुणी सांगितलं. कागदाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला तो आधी दाखवा.

आमच्या घरी असा कागद आता फ्रिजच्या दारावर आहे. अम्मी काठी घेऊन चालते, जिन्याला वेळ लागतो. तिने मला कधी बोल लावला नाही. उलट म्हणते, तू तर माझ्यासाठीच आणत होतास. ते खरं आहे, आणि तरीही त्या पट्टीच्या मागचं अक्षर चार वर्षांत एकदाही मी वाचलं नव्हतं. तुम्ही वाचा.

पुढच्या बैठकीला येताना आपापला कागद भरून आणा. आणि गालिच्याच्या अर्जावर सही करायची आहे, तो अर्ज मी मागच्या टेबलावर ठेवला आहे.